दादर: इतिहास आणि येण्याजाण्याच्या वाटा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला रोज लाखो माणसं उतरतात, पण त्यातली बरीचशी दुसऱ्या गाडीत बसण्यापुरतीच. हे पान त्यांच्यासाठी आहे, नव्याने राहायला आलेल्यांसाठी आहे, आणि गावाहून कामानिमित्त येणाऱ्यांसाठीही आहे. इतिहास आणि प्रवास हे दोन विषय इथे वेगळे ठेवलेले नाहीत, कारण दादरच्या बाबतीत ते वेगळे काढताच येत नाहीत. रुळांच्या दोन बाजूंना दोन निराळ्या वस्त्या वाढल्या आणि त्यांना जोडणाऱ्या पुलांवर आजही सगळं अवलंबून आहे.

दादर म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?

उत्तरेला माहीम आणि माटुंगा, दक्षिणेला प्रभादेवी आणि परळ, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला नायगाव आणि वडाळा. महापालिकेच्या हिशेबात दादर पश्चिम जी-उत्तर विभागात येतं, तर हिंदू कॉलनी आणि पारसी कॉलनी एफ-उत्तरमध्ये. पत्रावर पश्चिमेला ४०००२८ आणि पूर्वेला ४०००१४ असा पिनकोड लिहितात. लोकांच्या बोलण्यात मात्र दादरची हद्द बरीच ऐसपैस असते. आगर बाजार, गोखले रोड, नायगावचा काही भाग, अगदी हिंदमातासुद्धा दादरमध्येच धरली जाते. पत्ता विचारताना ‘पूर्व की पश्चिम?’ हे आधी विचारून घ्या. चुकलात तर पूल ओलांडून अर्धा तास मोडतो.

दादर किती जुनं आहे? रेल्वेच्या आधी इथे काय होतं?

वस्ती खूप जुनी आहे, शहर मात्र अलीकडचं. हा सगळा भाग माहीम बेटाच्या परिसरातला. किनाऱ्याला कोळी, आत भंडारी, नारळी-ताडांच्या वाड्या आणि भातशेती असं इथलं चित्र होतं. इंग्रजांच्या ताब्यात मुंबई येण्याच्या आधीची एक खूण आजही उभी आहे. गोखले रोड आणि एस. के. बोले मार्गाच्या नाक्यावरच्या पोर्तुगीज चर्चची स्थापना फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ साली केली. सध्याची इमारत नवी आहे. १९७० च्या दशकात ती वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी घडवली. बाहेरून ती नेहमीच्या चर्चसारखी दिसत नाही, त्यामुळे रोज तिच्यासमोरून जाणाऱ्यांनाही तिचं वय सांगितलं की नवल वाटतं.

दादरच्या वाटा बदलणारी पहिली मोठी घटना रेल्वेच्या आधीची आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी स्वतःचे १,५७,००० रुपये देऊन तिथे बांधरस्ता करवून घेतला. तो १८४५ मध्ये खुला झाला. दादर पश्चिमेतून माहीमकडे जाणाऱ्या रस्त्याला म्हणूनच लेडी जमशेटजींचं नाव आहे. सध्या आपण त्याला नुसतं ‘एल. जे. रोड’ म्हणून मोकळे होतो. एका बाईंच्या पैशातून मुंबई साष्टीला जोडली गेली, ही गोष्ट त्या आद्याक्षरांत हरवते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एकाच नावाची दोन रेल्वे स्थानकं शेजारी शेजारी कशी?

कारण ती दोन वेगळ्या कंपन्यांनी बांधली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी धावली ती जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. तिचा मार्ग इथूनच जातो. दुसरी कंपनी बीबीसीआय, अर्थात बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. १२ एप्रिल १८६७ रोजी तिने विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू केली आणि तिच्या मोजक्या थांब्यांत दादर होतं. एका कंपनीला पुणे आणि नागपूर गाठायचं होतं, दुसरीला सुरत आणि बडोदा. दोघींचे रुळ दादरला अगदी जवळ येतात आणि मग दूर होतात.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी एकाच दिवशी दोन्ही कंपन्यांची मध्य आणि पश्चिम रेल्वे झाली, पण कारभार वेगळाच राहिला. फलक, उद्घोषणा, तिकीटखिडक्या, पुलांची देखभाल या सगळ्यात ही दुफळी प्रवाशाला अजून जाणवते. विजेची गाडी मध्यवर १९२५ मध्ये आली, तीही आधी हार्बरवर. पश्चिमेवर ती १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली अशी सुरू झाली. लोकलमुळे नोकरदार माणसाला फोर्टात काम करून दादरला राहणं परवडू लागलं आणि पुढची सगळी वाढ त्यातून झाली.

दादर पूर्वेचे रस्ते इतके आखीव आणि झाडांचे कसे?

प्लेगमुळे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि दाटीवाटीच्या जुन्या मुंबईत तो झपाट्याने पसरला. हवा-उजेड नसलेल्या खोल्यांतून माणसं मरत होती, हजारो शहर सोडून पळत होती. सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टने एकीकडे जुन्या शहरात रुंद रस्ते कापले आणि दुसरीकडे उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती आखली. तीच दादर–माटुंगा–वडाळा–सायनची योजना. आधी रस्ते, गटारं, मैदानं आणि मग घरं, असा क्रम मुंबईने त्याआधी क्वचितच पाहिला होता.

त्या योजनेत इंजिनिअर असलेले मंचरजी एदलजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी ट्रस्टकडून १०३ भूखंड मिळवले. आजची पारसी कॉलनी ती हीच. शहरातल्या इतर पारशी बागांना भिंती आणि फाटकं आहेत, इथे ती नाहीत. संध्याकाळी फाइव्ह गार्डन्सला फिरायला कुणीही जाऊ शकतं आणि जातं. शेजारची हिंदू कॉलनीही त्याच आखणीतली. शाळा, कॉलेजं, वसतिगृहं, मैदानं हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर ठेवलेलं होतं.

हिंदू कॉलनीतच ‘राजगृह’ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकात हे घर बांधलं ते मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठी. राहत्या खोल्यांपेक्षा पुस्तकांच्या जागेचा विचार आधी करून बांधलेली अशी घरं मुंबईत फार नसतील. ते आवर्जून पाहावं. मात्र आजूबाजूला शांत वसाहत आहे याची जाण ठेवून.

गेल्या काही वर्षांत इथल्या दोन-तीन मजली इमारतींच्या जागी उंच मनोरे येऊ लागले आहेत. माणसांना नवी घरं हवीत हे खरंच आहे, पण ही आखणी सव्वाशे वर्षांपूर्वी एका साथीच्या धड्यातून झाली. हवा, उजेड आणि झाड यांसाठी सोडलेली जागा म्हणजे मोकळी पडलेली जागा नव्हे, हे नकाशे मंजूर करणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं.

शिवाजी पार्कचा इतिहास काय?

मैदान महापालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये शिवजन्माची त्रिशताब्दी साजरी होत असताना नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ‘शिवाजी पार्क’ असं नाव मिळालं. महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६६ मधला. त्यात तलवार उपसलेली नाही, हात पुढे केलेला आहे. भोवतालच्या गोल कडेच्या गच्च्यांच्या इमारती बहुतेक १९३०-४० च्या दशकांतल्या, आर्ट डेको धाटणीच्या. जागतिक वारशात मरीन ड्राइव्हची नोंद झाली, पण मराठी मध्यमवर्गाच्या घरांत ही शैली कशी रुळली ते बघायचं तर इथेच फिरावं लागेल.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, १ मेचं महाराष्ट्र दिनाचं संचलन, १९६६ पासूनचे शिवसेनेचे दसरा मेळावे हे सगळं याच मैदानावर. आणि क्रिकेट तर रोजचं. रमाकांत आचरेकर सरांनी याच मातीत मुलं घडवली. सचिन तेंडुलकर त्यांपैकी सर्वांत ठाऊक असलेलं नाव, एकमेव नव्हे. सकाळी कट्ट्यावर बसून नेट्स बघितल्या तर पाच-सहा सामने एकमेकांच्या हद्दीत घुसून चालू असलेले दिसतात आणि तरी कुणाचा गोंधळ होत नाही.

‘दादर टीटी’ कशामुळे?

ट्राम टर्मिनसमुळे. खोदादाद सर्कलजवळ ट्रामचा शेवटचा थांबा होता. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली आणि ती वाहतूक कायमची थांबली. कंडक्टर अजूनही ‘टीटी, टीटी’ असं पुकारतात, म्हणून नव्या माणसाला हे माहीत असलेलं बरं.

सिनेमा आणि नाटकाचा दादरशी इतका संबंध कसा?

दादर पूर्वेचा जो मुख्य रस्ता, त्याला आज दादासाहेब फाळके मार्ग म्हणतात, ते केवळ आदरापोटी नाही. फाळक्यांनी भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट याच रस्त्यावरच्या बंगल्यात राहून तयार केला. तो १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. पुढे चंदुलाल शहांचा रणजित स्टुडिओ याच भागात आला, पाठोपाठ इतरही. जागा मोकळी, स्टेशन जवळ, त्यामुळे पडद्यामागच्या कामगारांना येणं-जाणं सोपं होतं.

नाटकवाल्यांचं दादर बरंचसं पश्चिमेला. शिवाजी मंदिर तर आहेच. पण माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट घडली ती छबिलदास शाळेच्या छोट्या सभागृहात. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या ‘आविष्कार’ने १९७४ पासून तिथे प्रायोगिक नाटकं सुरू केली. शाळा सुटल्यावर संध्याकाळी प्रयोग. पैसा नाही, नेपथ्य जेमतेम, आणि प्रेक्षक कल्याण-डोंबिवली, बोरिवली, गिरगाव अशा तिन्ही दिशांनी आलेले. प्रयोग संपल्यावर शेवटची गाडी सगळ्यांनाच मिळायची. मराठी प्रायोगिक रंगभूमीला ‘छबिलदास चळवळ’ हे नाव पडलं, त्यामागे ही जागा दोन्ही रेल्वेंपासून पाच मिनिटांवर होती हेही एक कारण आहे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही.

सामाजिक चळवळींच्या इतिहासात दादर कुठे येतं?

एस. के. बोले मार्गावरून जाताना सीताराम केशव बोले कोण होते हे माहीत असायला हवं. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा ठराव त्यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर करून घेतला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्या ठरावाच्या आधारावर उभा होता. १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा यासाठी प्रबोधनकार ठाकरे, बोले आणि इतरांनी आग्रह धरला. त्या वादातून प्रबोधनकारांनी सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. खांडके बिल्डिंगमधला नवरात्रोत्सव त्याच परंपरेतला आहे.

चैत्यभूमीला कसं जायचं? ६ डिसेंबरला येणाऱ्यांनी काय लक्षात घ्यावं?

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. पार्थिव मुंबईला आणून आधी राजगृहात ठेवलं गेलं आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले. तिथे उभारलेल्या स्तूपाचं उद्घाटन मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते ५ डिसेंबर १९७१ रोजी झालं. जवळच्याच इंदू मिलच्या जागेवर स्मारकाचं भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झालं आणि तिथे भव्य पुतळ्याचं काम चालू आहे.

एरवी दादर पश्चिमेला उतरून रानडे रोडने शिवाजी पार्क गाठावं आणि तिथून समुद्राच्या दिशेने चालावं. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. थकलेल्या माणसांसाठी टॅक्सी करावी.

६ डिसेंबरच्या आधीचे दोन-तीन दिवस चित्र पूर्ण बदलतं. विदर्भ, मराठवाड्यातून विशेष गाड्या येतात, ५ आणि ६ च्या रात्री जादा लोकल सोडल्या जातात, स्वातंत्र्यवीर सावरकर मार्गासह आसपासच्या रस्त्यांवर वाहनांना मज्जाव असतो. रांग कुठून सुरू होते ते पोलिसांना किंवा स्वयंसेवकांना विचारा, कारण दर वर्षी थोडा बदल होतो. शिवाजी पार्कात राहण्याचे मंडप, पाणी, शौचालयं आणि दवाखान्याची सोय महापालिका करते. लहान मूल किंवा वयस्क माणूस सोबत असेल तर त्यांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आणि पुस्तकांच्या दुकानांसाठी वेळ राखून ठेवा. इतकी माणसं पुस्तकं विकत घेण्यासाठी एकत्र येतात असं दृश्य महाराष्ट्रात दुसरीकडे दिसत नाही. दादरमध्ये राहणाऱ्यांनी त्या दिवसांत गर्दीची तक्रार करण्यापेक्षा आपल्या दारात पाण्याची सोय करावी. अनेकजण ती करतात.

गिरण्या होत्या त्या जागी आता काय आहे?

दादर हे गिरणगावाच्या उत्तरेच्या टोकाचं. सेना भवनासमोरची कोहिनूर मिल, चौपाटीवरची इंदू मिल, पूर्वेची गोल्ड मोहर ही नावं जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि त्यानंतर बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. कोहिनूरच्या जागेवर आता काचेचा उंच टॉवर आहे, इंदू मिलच्या जागेवर स्मारक.

पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर गाडी कशी बदलायची?

तिकीट पुन्हा काढायची गरज नाही, फक्त तुमच्या तिकिटावर पुढचं स्टेशन असायला हवं. पूर्वी दोन्हीकडे फलाट क्रमांक एकपासून सुरू व्हायचा आणि ‘तीन नंबरवर भेटू’ म्हटलं की दोघे दोन ठिकाणी उभे राहायचे. ९ डिसेंबर २०२३ पासून सलग क्रमांक आले. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचे ८ ते १४ झाले. मध्यचा जुना एक आता आठ आहे, जुना तीन आता नऊ. जुन्या प्रवाशांच्या तोंडी अजून जुने आकडे येतात, म्हणून कुणी क्रमांक सांगितला तर ‘नवा की जुना’ असं विचारून घ्या.

मधला पूल सगळ्यांत गजबजलेला असतो. हाताशी दोन-तीन मिनिटं असतील तर टोकाच्या पुलाने जा. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात बॅगा, लहान मुलं किंवा आजारी माणूस सोबत असेल तर फलाट बदलण्याची घाई करू नका, एक गाडी सोडून द्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी शेजारच्या एल्फिन्स्टन रोड (आताच्या प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर पूल रुंद झाले, सरकते जिने लागले, पण पावसाची सर आली की माणसं जिन्यातच थांबतात आणि मागून रेटा येतो. जिन्यात थांबू नका, एवढं प्रत्येकाने पाळलं तरी पुष्कळ.

दुसरा पर्याय म्हणजे प्रभादेवी आणि परळ. ही दोन स्थानकंही एकमेकांना पुलाने जोडलेली आहेत आणि तिथे धीम्या गाडीने येणाऱ्याला बदल सोपा जातो. मध्यवर परळहून सुटणाऱ्या लोकल २०१९ पासून आहेत. ऑक्टोबर २०२४ च्या वेळापत्रकात दादरहून सुटणाऱ्या काही लोकलही परळला नेल्या. ठाणे-कल्याणकडे बसायला जागा हवी असेल तर परळ गाठणं फायद्याचं.

हार्बरची गाडी दादरला मिळते का?

नाही. पनवेल, वाशीसाठी मध्य रेल्वेने कुर्ल्याला जाऊन बदला.

मेट्रो कुठे आहे आणि कशासाठी उपयोगी?

मेट्रो ३, म्हणजे आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग. दादरचं स्थानक ९ मे २०२५ ला उद्घाटन झालेल्या टप्प्यात आलं. कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. स्थानक रेल्वेच्या दारात नाही. ते गोखले रोडच्या खाली, सेना भवन आणि प्लाझाच्या परिसरात आहे. दादर पश्चिमेला उतरून चालत साधारण दहा मिनिटं धरा.

सर्वांत मोठा फायदा विमानतळाचा. दोन्ही टर्मिनलना न बदलता जाता येतं. वांद्रे-कुर्ला संकुल तीनच थांब्यांवर: शितलादेवी, धारावी, बीकेसी. दक्षिणेकडे सिद्धिविनायक लगेच पुढचं स्थानक. पुढे गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, विधान भवन. घाटकोपर किंवा वर्सोव्याला जायचं असेल तर मरोळ नाक्याला मेट्रो १ मिळते.

हा मार्ग सुरू झाल्यावर पश्चिमेच्या रहिवाशांचं जगणं खरोखर हलकं झालं आहे. पण रेल्वे स्थानक ते मेट्रो ही दहा मिनिटांची वाट नीट केली नाही तर निम्मा फायदा वाया जाईल. पदपथ अखंड हवेत, उतार हवेत, पावसात आडोसा हवा. ज्येष्ठ माणसाला सामानासकट ती वाट आज कठीण आहे.

मोनोरेलचं ‘दादर पूर्व’ स्थानक चालू आहे का?

२० सप्टेंबर २०२५ पासून मोनोरेल नव्या गाड्या आणि यंत्रणेसाठी बंद ठेवली गेली. निघण्याआधी सेवा चालू आहे का ते बघा.

दादरला रिक्षा मिळेल का?

मिळणार नाही. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला ऑटोरिक्षांना परवानगी नाही. काळी-पिवळी टॅक्सी, ॲपवरची गाडी किंवा बेस्टची बस. स्थानकाबाहेरून काही ठिकाणी शेअर टॅक्सीही चालतात. सिद्धिविनायकाला जाणारे भाविक तिचाच वापर करतात. जवळच्या भाड्याला टॅक्सीवाला नाही म्हणाला तर रांगेतल्या पुढच्या टॅक्सीत बसा. मीटर टाकायला सांगायला संकोच नको.

पुण्याला दादरहून कसं जायचं?

पूर्वेला टीटीजवळ एसटीचं स्थानक आहे. लोक त्याला ‘आशियाड’ म्हणतात. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळच्या बसगाड्या एसटीने नंतर चालवल्या, त्यावरून हे नाव पडलं आणि गाड्या गेल्या तरी टिकलं. शिवनेरी इथूनच मिळते. काही फेऱ्या अटल सेतूवरून जातात. पुण्याची शेअर टॅक्सीही याच परिसरातून. शुक्रवारी संध्याकाळी आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी बसचं आरक्षण आधी करा, नाहीतर लोकलने ठाणे किंवा वाशी गाठून तिथून बस पकडण्याचा विचार करा.

कोकणात जायला कोणती गाडी? तिकिटाच्या तारखेचा गोंधळ काय असतो?

दादर हे कोकणी माणसाचं मुंबईतलं दार. गणपतीच्या आदल्या आठवड्यात फलाटावर पाऊल ठेवायला जागा नसते. कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, तेजस, मडगावची वंदे भारत या सीएसएमटीहून सुटून दादरला थांबतात. दादरहूनच सुटणारी ती तुतारी एक्स्प्रेस, सावंतवाडीला जाणारी. पूर्वी तिला राज्यराणी म्हणत. २०१७ मध्ये केशवसुतांच्या कवितेवरून तिला हे नाव मिळालं. स्थानकाच्या पश्चिमेचा उड्डाणपूलही केशवसुतांच्याच नावाचा, म्हणजे मालगुंडचा कवी दादरला दोनदा भेटतो.

आता तारखेचं. तुतारी रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. म्हणजे तुम्हाला शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारचं काढलंत तर तुमची गाडी गुरुवारच्या रात्रीच निघून गेलेली असते. दर वर्षी कितीतरी कुटुंबं सामानासकट फलाटावर उभी राहून हे शोधून काढतात. तिकीट काढताना सोबतच्या माणसाला तारीख मोठ्याने वाचायला लावा. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे गणपतीचं गणित नव्याने मांडा.

दादर–रत्नागिरी पॅसेंजरबद्दल फार विचारलं जातं. कोविडनंतर ती दिव्याहून सुटते. गिरगाव, लालबाग, दादरच्या वयस्क चाकरमान्यांना आता आधी दिव्याच्या गर्दीत उतरावं लागतं. खेड, चिपळूण, संगमेश्वरच्या लहान स्थानकांवर उतरणाऱ्यांसाठी हीच खरी गाडी होती. ती दादरला परत यायला हवी, आणि ही मागणी सोडून देण्यासारखी नाही.

तिकिटावर डीआर आणि डीडीआर असं वेगवेगळं का असतं?

डीआर म्हणजे मध्य रेल्वेचं दादर, डीडीआर म्हणजे पश्चिमेचं. चालुक्य आणि शरावती एक्स्प्रेस, म्हणजे पुदुच्चेरी, तिरुनेलवेली, म्हैसूरकडच्या गाड्या मध्यच्या बाजूने. भूज, अजमेर, बिकानेरकडच्या पश्चिमेच्या. सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारतही मध्यच्या दादरला थांबतात. लांबच्या गाडीसाठी किमान अर्धा तास आधी या.

टाटा किंवा केईएम रुग्णालयात जायचं आहे, दादरला उतरावं का?

बाहेरगावच्या गाडीने येत असाल तर हो, कारण ती परळला थांबत नाही. दादर पूर्वेला, स्वामीनारायण मंदिराच्या बाजूला बाहेर पडा आणि टॅक्सी किंवा बस करा. अंतर दोनेक किलोमीटर आहे. धीम्या लोकलने येत असाल तर परळलाच उतरा, तिथून टाटा, केईएम आणि वाडिया चालण्याच्या टप्प्यात आहेत. मुक्कामाची अडचण असेल तर दादर पूर्वेची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसाठीच चालवली जाते. रुग्णालयाची कागदपत्रं सोबत ठेवा आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला आधी विचारा, ते योग्य मार्ग सांगतात.

टिळक पुलावर एवढी कोंडी का असते?

कारण पूर्व-पश्चिम जाणाऱ्या वाहनांना इथे दुसरी जवळची वाट जवळजवळ नाही. ब्रिटिश काळातला हा पूल दोन्ही रेल्वेंच्या डोक्यावरून जातो. शेजारी केबलच्या आधाराचा नवा पूल बांधण्याचं काम महारेलकडे, म्हणजे रेल्वेची बांधकामं करणाऱ्या सरकारी कंपनीकडे आहे. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल शिवडी-वरळी जोडरस्त्याच्या कामासाठी बंद झाला आणि त्याची वाहतूकही टिळक पुलावर आली. पूर्वेच्या टोकाहून पश्चिमेच्या टोकाला गाडीने जाण्यापेक्षा पायी लवकर पोचता. ठणठणीत माणसाने चालावं आणि पूल रुग्णवाहिकांसाठी मोकळा ठेवावा.

फुलबाजार कधी गाठावा?

पहाटे. स्थानकाच्या पश्चिमेला सेनापती बापट मार्गावर घाऊक बाजार भरतो तो उजाडण्याआधी, आणि नऊ वाजेपर्यंत चांगला माल संपत आलेला असतो. दसऱ्याच्या आदल्या रात्री झेंडू आणि आंब्याच्या डहाळ्यांसाठी इथे झोप नसते. तुळस, बेल, केळीची पानं घेऊन येणाऱ्या बायका पदपथावर बसतात. त्यांच्याकडून घ्या आणि फार घासाघीस करू नका, त्या रात्रीची शेवटची गाडी पकडून आलेल्या असतात.

पावसाळ्यात हिंदमाताला पाणी का साचतं? प्रवास करावा का?

हिंदमाता चौक बशीसारखा खोल आहे. चहूकडचं पाणी तिथे उतरतं आणि भरतीच्या वेळी समुद्रात जायला वाट राहत नाही. २०२१ पासून महापालिकेने दादर पश्चिमेच्या प्रमोद महाजन कला पार्कात आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या आहेत. पंपाने पाणी तिकडे नेलं जातं. पूर्वीइतका वेळ पाणी तुंबून राहत नाही, पण मोठ्या भरतीच्या वेळी अतिवृष्टी झाली तर त्रास होतोच.

जोराचा पाऊस असेल तर भरतीची वेळ आधी बघा. मध्य रेल्वे सायन-कुर्ला भागात अडकली तर पश्चिम बऱ्याचदा चालू असते. दादरला फलाट बदलून वांद्रे-अंधेरीकडे जाता येतं आणि पुढचा रस्ता तिथून शोधता येतो. पाणी भरलेल्या रस्त्यावर चालू नका, झाकण उघडं असलेलं गटार वरून दिसत नाही. अगदीच अडकलात तर स्थानकाजवळच्या शाळा, देवळं, गुरुद्वारा आणि गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते थांबायची आणि चहा-बिस्किटांची सोय करतात. विचारायला लाजू नका.